डिस्प्ले सर्व्हर बंद पडला, सेशन संपलं: डेस्कटॉप ॲपनं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लिनक्स डेस्कटॉपसाठी ॲप लिहिणाऱ्यांचे आहेत. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या डिस्प्ले सर्व्हरच्या एक्स ११ आणि वेलँड या दोन्ही पद्धती धरल्या आहेत, कारण अजून बराच काळ दोन्हींवर चालेल असंच ॲप लिहावं लागणार आहे.

डिस्प्ले सर्व्हर गेला हे ॲपला कळतं कसं?

वेगळा निरोप कोणी देत नाही. ॲप आणि डिस्प्ले सर्व्हर यांच्यामध्ये एक युनिक्स सॉकेट असतो, तो तुटतो, एवढंच. पुढच्या वेळी ॲप तिथून वाचायला किंवा तिथे लिहायला जातं तेव्हा चूक हाती येते: बहुतेकदा एररनो (सिस्टमचा चूक-क्रमांक) ३२, म्हणजे तुटलेला पाइप, किंवा १०४, म्हणजे समोरच्यानं कनेक्शन तोडलं.

एक्सलिब या एक्सच्या मूळ लायब्ररीच्या जुन्या संदेशात ‘फेटल आयओ एरर ११’ असं दिसतं आणि पुढे ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ लिहिलेलं असतं. त्या ‘टेम्पररिली’वर विश्वास ठेवू नका. ११ हा त्या क्षणी एररनोमध्ये उरलेला आकडा असतो. कनेक्शन कायमचं गेलेलं असतं, थोड्या वेळानं पुन्हा वाचून काही मिळत नाही.

एक्स आणि वेलँडमध्ये या बाबतीत मोठा फरक कोणता?

एक्सवर विंडो मॅनेजर आणि एक्स सर्व्हर या दोन वेगळ्या प्रोसेस आहेत. विंडो मॅनेजर कोसळला तर खिडक्यांच्या चौकटी जातात, तो पुन्हा सुरू झाला की परत येतात, ॲपला धक्का लागत नाही. वेलँडमध्ये कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र करून पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम, हाच डिस्प्ले सर्व्हर. तो कोसळला की त्याला जोडलेल्या सगळ्या ॲपचं कनेक्शन एकाच क्षणी तुटतं. एक्सवर ‘हे क्वचितच होतं’ म्हणून सोडून दिलेला मार्ग वेलँडवर नीट बांधावाच लागतो.

दुसरा फरक लायब्ररीच्या वागण्यात आहे. कनेक्शन तुटलं की एक्सलिब स्वतःच प्रोसेस संपवते. वेलँडची लायब्ररी लिबवेलँड तसं करत नाही. तिचं डिस्पॅच फंक्शन उणे १ परत देतं आणि निर्णय तुमच्यावर सोडतं. एक्ससीबी ही एक्सची दुसरी लायब्ररीही निर्णय तुमच्यावरच सोडते, तिथे ‘कनेक्शन हॅज एरर’ विचारून पाहावं लागतं. तुम्ही जीटीके किंवा क्यूटी हे खिडक्या-बटणं बांधायचे टूलकिट वापरत असाल तर मात्र हा निर्णय टूलकिटनं आधीच घेतलेला असतो: मूळ वागणूक म्हणजे एक ओळ छापून प्रोसेस बंद.

कनेक्शन तुटलं म्हणजे कंपोझिटर मेलाच, असं धरायचं का?

नाही. इथे घाईनं निष्कर्ष काढले की आठवडे वाया जातात. वेलँडवर तीन वेगळ्या कारणांनी तुमचं कनेक्शन जातं.

पहिलं, कंपोझिटर खरंच गेला. तेव्हा शेजारची सगळी ॲपही त्याच सेकंदाला गेलेली असतात.

दुसरं, तुमच्या ॲपनं प्रोटोकॉलचा नियम मोडला आणि कंपोझिटरनं तुम्हाला बाहेर काढलं. यात एररनो ७१ येतो. ‘गेट प्रोटोकॉल एरर’ हे फंक्शन कोणता इंटरफेस, कोणता ऑब्जेक्ट आणि कोणता कोड हे सांगतं. ते लॉगमध्ये लिहाच. ही तुमच्या कोडमधली चूक आहे.

तिसरं कारण फसवं आहे. तुमचा मुख्य थ्रेड काही सेकंद अडकला, त्या वेळात वापरकर्त्यानं माउस हलवला, आणि सेकंदाला हजार घटना पाठवणारा माउस असेल तर कंपोझिटरकडचा तुमच्या नावाचा बफर भरला. हा बफर वर्षानुवर्षं ४०९६ बाइटचा होता. तो भरला की कंपोझिटर तुम्हाला तोडून टाकत असे. लिबवेलँड १.२३ पासून तो वाढवता येतो, पण वाढवायचा की नाही हे कंपोझिटर ठरवतो. खूण सोपी आहे: बाकी सगळं जिवंत, फक्त तुमचं ॲप गेलं, आणि त्या आधी ते थोडा वेळ गोठलं होतं. उपाय बफरमध्ये शोधू नका. जड काम मुख्य थ्रेडवरून काढा.

एक्सच्या आयओ एरर हँडलरमध्येच फाइल सेव्ह केली तर?

करता येतं, पण तो हँडलर, म्हणजे कनेक्शन तुटल्यावर एक्सलिब बोलावते ते तुमचं फंक्शन, कुठल्या अवस्थेत चालतो ते समजून घेतल्याशिवाय करू नये.

एक्सलिबच्या कुठल्याही कॉलच्या मध्येच तो चालू होतो. डिस्प्लेचं कुलूप (लॉक) त्या क्षणी हातात असू शकतं. लिबएक्स ११ च्या १.८ आवृत्तीपासून थ्रेड-सुरक्षा आपोआप चालू असते, म्हणजे तुम्ही कधी थ्रेड वापरले नसले तरी ही कुलपं खरी आहेत. हँडलरमधून परत आलात तर लायब्ररी नेहमीच्या ‘एक्झिट’नं प्रोसेस संपवते. नेहमीचं एक्झिट म्हणजे ॲट-एक्झिटची (बाहेर पडताना चालवायला नोंदवलेली) सगळी फंक्शनं आणि ग्लोबल ऑब्जेक्टचे सगळे डिस्ट्रक्टर चालणार. त्यातल्या एखाद्यानं ‘डिस्प्ले बंद कर’ म्हटलं की ते त्याच कुलपाची वाट पाहत बसतं, आणि ते कुलूप सोडणारं कोणी उरलेलं नसतं. लॉगआउटनंतर शून्य टक्के सीपीयू घेत, फ्युटेक्सवर (कर्नलच्या कुलपावर) थांबलेली प्रोसेस सापडते ती अशी.

याच्या उलट लक्षण म्हणजे शंभर टक्के सीपीयू. तिथे ॲपनं स्वतःचा इव्हेंट लूप लिहिलेला असतो, पोलमधून ‘समोरचा गेला’ हे दर वेळी कळत असतं, पण तो फाइल डिस्क्रिप्टर यादीतून कोणी काढलेला नसतो. लूप फिरत राहतो.

तिसरा धोका तुमच्या स्वतःच्या डेटाचा. हँडलर चालू झाला तेव्हा दस्तऐवज अर्धवट बदललेला असू शकतो: अन-डूच्या यादीत नोंद झाली आहे, मजकुरात अजून नाही. अशा वेळी मूळ फाइलवर लिहिलंत तर चांगली प्रत गेली आणि तुटकी उरली. म्हणून हँडलरमध्ये करायचं ते इतकंच: लिहायचं असेलच तर वेगळ्या रिकव्हरी फाइलमध्ये लिहा, एक्सचा एकही कॉल करू नका, संवाद खिडकी उघडू नका, आणि शेवटी अधोरेषेवालं ‘एक्झिट’ वापरून सरळ बाहेर पडा. ते ॲट-एक्झिटच्या वाटेला जात नाही.

लिबएक्स ११ १.७ पासून ‘एक्झिट हँडलर’ वेगळा बसवता येतो, त्यामुळे प्रोसेस न संपवता फक्त तो एक डिस्प्ले सोडून देणं शक्य झालं. एकाच वेळी अनेक डिस्प्लेंना जोडलेल्या सर्व्हरसारख्या ॲपना त्याचा खरा उपयोग आहे.

मग वापरकर्त्याचं काम जपायचं कधी?

आधीच. बाकी सगळी उत्तरं याच्यावर उभी आहेत. वीज गेली, कर्नलनं मेमरी कमी पडली म्हणून प्रोसेस मारली, सिगकिल (प्रोसेस तत्काळ मारणारा सिग्नल) आला, यांपैकी कशातही तुमचा एकही शेवटचा कोड चालत नाही. निरोपाच्या वेळी सेव्ह करणं ही भर आहे, पाया नाही.

वापरकर्ता टाइप करायचा थांबला की दोन-तीन सेकंदांनी आणि सतत टाइप करत असेल तर निदान दर ३० सेकंदांनी रिकव्हरी प्रत लिहिणं बहुतेक संपादकांना पुरतं. मोठ्या फाइलसाठी पूर्ण प्रत न लिहिता बदलांची जर्नल जोडत जा.

लिहिण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल उघडा, परवानगी ०६०० ठेवा, सगळं लिहा, फाइलवर एफसिंक करा (डेटा खरोखर डिस्कवर उतरवा), मग रीनेम करून खऱ्या नावावर आणा, आणि शेवटी डिरेक्टरीवर एफसिंक करा. तात्पुरती फाइल दुसऱ्या फाइलसिस्टमवर ठेवली तर रीनेम चालतच नाही. पहिला एफसिंक गाळला तर वीज गेल्यावर नाव नवं आणि आत शून्य बाइट, अशी फाइल हाती येऊ शकते.

जागा कोणती? घरच्या डिरेक्टरीतलं ‘डॉट लोकल’ आणि त्यातलं ‘स्टेट’, म्हणजे एक्सडीजी स्टेट होम. रनटाइम डिरेक्टरी मुळीच नको. ती मेमरीत असते आणि वापरकर्त्याचं शेवटचं सेशन संपलं की पुसली जाते. सेशन संपण्यापासून वाचवायची प्रत नेमकी तिथेच ठेवलेली अनेकदा दिसते.

नियमित लॉगआउटमध्ये ॲपला आधी विचारतात ना?

विचारतात, पण वाटा अनेक आहेत.

सगळ्यात जुनी वाट एक्सएसएमपी या एक्सच्या सेशन प्रोटोकॉलची. सेशन मॅनेजर ‘सेव्ह युवरसेल्फ’ पाठवतो, ॲप सेव्ह करून ‘झालं’ म्हणतं, मग ‘डाय’ येतो. कोणी लॉगआउट रद्द केलं तर ‘शटडाउन कॅन्सल्ड’ येतो. हा संवाद वेगळ्या आइस सॉकेटवर चालतो, त्यामुळे तो एक्स सर्व्हरवर अवलंबून नाही.

ग्नोम डेस्कटॉपमध्ये डी-बसवरचा (प्रोसेसमधल्या निरोपांच्या बसवरचा) सेशन मॅनेजर आहे. तो आधी ‘क्वेरी एंड सेशन’ विचारतो आणि सगळे हो म्हणाले की ‘एंड सेशन’ सांगतो. सँडबॉक्समधल्या ॲपसाठी इनहिबिट (लॉगआउट अडवण्याचं) पोर्टल आहे. तिथे सेशनची अवस्था १ म्हणजे चालू, २ म्हणजे विचारणा, ३ म्हणजे संपत आहे. २ आल्यावर साधारण एका सेकंदाच्या आत पोच द्यायची असते.

टूलकिट वापरत असाल तर हे थेट लिहू नका. क्यूटीत ‘कमिट डेटा रिक्वेस्ट’ आणि ‘सेव्ह स्टेट रिक्वेस्ट’ हे सिग्नल आहेत. जीटीकेमध्ये ॲप्लिकेशनचा ‘क्वेरी एंड’ सिग्नल ३.२४.८ पासून आहे. त्यासाठी ‘रजिस्टर सेशन’ हा गुणधर्म चालू करावा लागतो, तो विसरला की सिग्नल येतच नाही आणि चूकही दिसत नाही.

एक चूक वारंवार होते: विचारणा आली की ॲप खिडक्या बंद करायला लागतं. विचारणा म्हणजे निरोप नव्हे. दुसऱ्या एखाद्या ॲपनं नकार दिला तर लॉगआउट रद्द होतं आणि वापरकर्त्यासमोर तुमचं ॲप खिडकीविना उरतं. क्यूटी ५ मध्ये मूळ वागणूकच तशी होती, ती बंद करायला वेगळा कॉल करावा लागे. क्यूटी ६ मधून ती काढली. विचारणेच्या वेळी फक्त सेव्ह करा आणि उत्तर द्या. बंद व्हा ते अंतिम निरोप आल्यावरच.

‘सेव्ह करायचं का?’ असं विचारून लॉगआउट अडवणं बरोबर आहे का?

रिकव्हरी प्रत असेल तर गरजच पडत नाही. पुढच्या वेळी ॲप उघडल्यावर काम आहे तसं समोर आणा. निनावी, कधीच सेव्ह न केलेल्या दस्तऐवजालाही हेच लागू.

अडवणं योग्य ते अशा कामासाठी जे मध्येच तोडलं तर काहीतरी मोडतं: डिस्क लिहिणं, उपकरणाचं फर्मवेअर बदलणं, न थांबवता येणारं रेकॉर्डिंग. तेव्हा काम सुरू होतानाच इनहिबिट घ्या आणि संपताच सोडा. कारण माणसाला समजेल असं लिहा. ‘ॲप व्यस्त आहे’ हे कारण नाही, ‘मेमरी कार्डवर प्रतिमा लिहिली जात आहे’ हे कारण आहे. ग्नोमच्या इनहिबिटमध्ये १ म्हणजे लॉगआउट, ४ म्हणजे सस्पेंड, ८ म्हणजे स्क्रीन निष्क्रिय होणं. हवे तेवढेच घ्या.

मशीन बंद होताना हातात किती वेळ असतो?

लॉगिनडी या सेशन सांभाळणाऱ्या सेवेकडून ‘डिले’ प्रकारचं इनहिबिट घेतलं असेल तर ‘प्रिपेअर फॉर शटडाउन’ सिग्नल येतो आणि मूळ मर्यादा ५ सेकंद असते. ते इनहिबिट म्हणजे एक फाइल डिस्क्रिप्टर. काम झालं की तो बंद करा, पाच सेकंद पुरे होण्याची वाट पाहू नका.

त्यानंतर सिगटर्म, म्हणजे ‘बंद व्हा’ असा सिग्नल, येतो. सर्व्हिस म्हणून चाललेल्या प्रोसेसना सिस्टमडीची (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमची) मूळ मुदत ९० सेकंदांची आहे, काही वितरणांनी ती कमी केली आहे. मुदत संपली की सिगकिल. ९० सेकंद मिळतात म्हणून ते वापरायचे नसतात. ‘स्टॉप जॉब इज रनिंग’ अशी ओळ आणि पुढे वाढत जाणारे सेकंद, हे काळ्या पडद्यावर बघत बसणाऱ्या माणसाचा विचार करा. दोन सेकंदांत संपत नसेल ते काम निरोपाच्या वेळी करायचंच नाही.

सिगटर्म टूलकिट हाताळतं ना?

नाही. क्यूटी आणि जीटीके दोन्ही मूळ वागणूक तशीच ठेवतात, म्हणजे प्रोसेस जागच्या जागी संपते. क्यूटीचा ‘अबाउट टु क्विट’ यात येत नाही. जीटीकेमध्ये जीलिबचं ‘युनिक्स सिग्नल ॲड’ वापरा. क्यूटीमध्ये सॉकेटपेअर उघडा, सिग्नल हँडलरमध्ये एक बाइट लिहा आणि दुसऱ्या टोकाला सॉकेट नोटिफायर लावा. हँडलरच्या आत मेमरी मागू नका, लॉग लिहू नका, कुलूप घेऊ नका.

सिगटर्मसोबत सिगहपही हाताळा. लॉगिनडी सेशनच्या स्कोपला, म्हणजे सेशनमधल्या प्रोसेसच्या संचाला, दोन्ही पाठवतो.

लॉगआउट केलं तरी माझी प्रोसेस मागे राहते. का?

बहुतेकदा दोनांपैकी एक कारण. पहिलं, लॉगिनडीचं ‘किल युजर प्रोसेसेस’ (सेशन संपताच उरलेल्या प्रोसेस मारणं). सिस्टमडी २३० पासून, म्हणजे २०१६ पासून, मूळ कोडमध्ये ते चालू आहे, पण डेबियनसारखी वितरणं ते बंद ठेवून बांधतात. शिवाय ते फक्त सेशनच्या स्कोपमधल्या प्रोसेसना लागू होतं. ग्नोम आणि प्लाझ्मा हे डेस्कटॉप आता ॲप वापरकर्त्याच्या सिस्टमडीखाली सुरू करतात, तिथे ते पोचत नाही.

दुसरं कारण डी-बस. सिस्टमडीखाली बस प्रत्येक सेशनची नसते, प्रत्येक वापरकर्त्याची एक असते. त्याच वापरकर्त्याचं एसएसएच सेशन उघडं असेल तर ग्राफिकल सेशन गेल्यावरही बस जिवंत राहते आणि बसनं सुरू केलेली तुमची पार्श्वभूमीतली प्रोसेसही राहते, जुन्या डिस्प्लेचा पत्ता घेऊन. वापरकर्ता परत लॉगिन करतो, बस त्याच जुन्या प्रोसेसला हाक मारते, आणि खिडकी काही येत नाही. म्हणून बस तुटण्याची वाट पाहू नका. स्वतःला ग्राफिकल सेशनच्या टार्गेटला, म्हणजे सेशनसोबत सुरू-बंद होणाऱ्या सिस्टमडीच्या युनिटला, बांधा.

ते बांधायचं कसं?

वापरकर्त्याच्या सर्व्हिस युनिटमध्ये तीन ओळी लागतात: ‘पार्ट ऑफ’, ‘आफ्टर’ आणि ‘वाँटेड बाय’, तिन्हींसमोर ‘ग्राफिकल-सेशन.टार्गेट’. ‘पार्ट ऑफ’मुळे टार्गेट थांबलं की तुम्हीही थांबता. ‘आफ्टर’मुळे थांबताना क्रम उलटा होतो: आधी तुम्ही, मग टार्गेट. त्यामुळे सिगटर्म येतो तेव्हा कंपोझिटर बहुधा अजून जिवंत असतो.

आता ‘रीस्टार्ट ऑन फेल्युअर’बद्दल. कंपोझिटर कोसळला, टूलकिटनं तुम्हाला कोड १ देऊन बंद केलं, सिस्टमडीच्या दृष्टीनं हे अपयश, म्हणून १०० मिलिसेकंदांनी पुन्हा सुरू. डिस्प्ले अजून नाही, पुन्हा १. मूळ मर्यादा १० सेकंदांत ५ वेळा सुरू होण्याची आहे, ती अर्ध्या सेकंदात संपते. नवा कंपोझिटर उभा राहतो तेव्हा तुमची सर्व्हिस ‘स्टार्ट लिमिट हिट’ होऊन पडलेली असते. ‘रीस्टार्ट सेक’ २ किंवा ३ सेकंद ठेवा, म्हणजे ही मर्यादा गाठलीच जात नाही.

तासन्तास चालणारं काम असेल तर? रेंडरिंग, मोठं डाउनलोड?

ॲपचे दोन तुकडे करा. काम करणारी प्रोसेस डिस्प्लेला कधीच जोडली जात नाही, तिच्यात टूलकिटही नसतं. खिडकी दाखवणारी प्रोसेस तिच्याशी सॉकेटनं किंवा डी-बसवर बोलते, खिडकी गेली तरी काम चालू राहतं. सगळी सेशनं संपल्यावरही ते चालावं असं वापरकर्त्यानं स्वतः ठरवलं असेल तर ‘लिंगर’ चालू करावं लागतं. ॲपनं परस्पर ते करू नये.

एकाच प्रोसेसमध्ये दोन्ही जमवायला गेलं की काय होतं हे ईमॅक्स या संपादकात दिसतं. जीटीकेसह बांधलेला ईमॅक्स डीमन एक्स कनेक्शन गेल्यावर कोसळू शकतो, अशी सूचना तो स्वतःच देतो.

तुटलेलं कनेक्शन पुन्हा जोडता येतं का?

वेलँडवर येतं, पण दोन्ही बाजूंची तयारी लागते. प्लाझ्मामध्ये केविन या कंपोझिटरचा एक छोटा रॅपर सॉकेट धरून ठेवतो, त्यामुळे कंपोझिटर पुन्हा उभा राहीपर्यंत पत्ता तोच राहतो. क्यूटी ६ च्या नव्या आवृत्त्या खिडक्या नव्यानं बांधू शकतात. स्वतः वेलँड थेट वापरत असाल तर एकही जुना ऑब्जेक्ट वापरता येत नाही: सरफेस, बफर, क्लिपबोर्ड, ग्राफिक्स कॉन्टेक्स्ट सगळं नव्यानं. क्लिपबोर्डवर तुम्ही ठेवलेलं काही असेल तर ते तुम्हालाच पुन्हा मांडावं लागतं.

स्क्रीन लॉक किंवा दुसऱ्या वापरकर्त्याकडे जाणं?

सेशन संपलेलं नाही. काहीही बंद करू नका. पासवर्डसारखी गुपितं मेमरीत असतील तर लॉगिनडीचा ‘लॉक’ सिग्नल आल्यावर ती पुसा, आणि पडद्यावर कोणी पाहत नसताना ॲनिमेशन थांबवा.

जुनी लॉक फाइल राहून जाते आणि ॲप ‘आधीच चालू आहे’ म्हणतं.

फाइल असण्या-नसण्यावर ठरवू नका. फाइल उघडून तिच्यावर एफलॉक (फाइलचं कुलूप) घ्या. प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल ते सोडतो. फाइलमध्ये फक्त प्रोसेस क्रमांक लिहिणं पुरत नाही, रीबूटनंतर तोच क्रमांक दुसऱ्याला मिळतो. क्रमांक लागतच असेल तर सोबत कर्नलचा बूट आयडीही लिहा.

याची चाचणी स्वतःचं सेशन न मोडता कशी करायची?

घरट्यातला (नेस्टेड) डिस्प्ले वापरा. एक्ससाठी झेफिर, ‘कोलन ५’ सारख्या क्रमांकावर. वेलँडसाठी वेस्टन, वेगळ्या सॉकेट नावानं, चालू डेस्कटॉपच्या खिडकीतच. ॲपला पर्यावरणातून तो पत्ता द्या, दस्तऐवज उघडा, सेव्ह न करता चार ओळी टाइप करा, पाच सेकंद थांबा आणि त्या सर्व्हरला सिगकिल द्या.

मग बघा: प्रोसेस दोन सेकंदांत गेली का? राहिली असेल तर शून्य टक्क्यावर अडकली आहे की शंभर टक्क्यावर फिरते आहे? कोअर डंप पडला का? पुन्हा उघडल्यावर त्या चार ओळी आल्या का, आणि मूळ फाइल जशीच्या तशी आहे का?

हेच ॲपला थेट सिगटर्म देऊन करा, मग सिगकिल देऊन. त्यानंतर वेगळ्या चाचणी-वापरकर्त्यानं लॉगिन करून, एक एसएसएच सेशन उघडं ठेवून, लॉगआउट करा आणि मागे काय राहिलं ते पाहा. शेवटची चाचणी टाइप करत असतानाच सर्व्हर मारण्याची: की-प्रेस पाठवणारी छोटी स्क्रिप्ट आणि यादृच्छिक क्षणी सिगकिल, असं शंभर वेळा. अर्धवट बदललेला दस्तऐवज मूळ फाइलवर लिहिला जात असेल तर तो बहुधा याच चाचणीत सापडतो.